सोलापूरच्या साखर पेठेतल्या मेकॅनिक काकांना, वडिलांच्या येझदी मोटारसायकलबद्दल

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

आपल्यासमोर आभाराचा शब्द काढला की आपण मान वळवून हात पुसायला लागता, त्यामुळे तोंडाने बोलायचे राहूनच गेले. आपला नातू हे आपल्याला वाचून दाखवील, या भरवशावर ते आज चारचौघांत लिहीत आहे.

माझ्या वडिलांनी १९८२ साली घेतलेली येझदी रोडकिंग, ते गेल्यापासून एकोणीस वर्षे जिन्याखाली उभी होती. गिरणीतली पाळी सांभाळून ते दर गुरुवारी आईला याच गाडीवर बसवून सुमारे ४० किलोमीटरवरच्या अक्कलकोटला नेत असत. गेल्या दिवाळीत ती पुन्हा चालू करायचे मी मनावर घेतले, तेव्हा आयुष्यात कधी पान्याला हात लावलेला नव्हता. ज्या म्हैसूरच्या कारखान्यात ती तयार झाली तो १९९६ मध्येच बंद पडलेला, त्यामुळे सुटे भाग आणि जाणकार दोन्ही शोधत फिरावे लागेल, याची मात्र कल्पना होती.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी दोन ठिकाणी जाऊन आलो. एकाने गाडीकडे नीट पाहिलेही नाही आणि भंगारात घालण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याने पाच महिने ठेवून घेतली, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर बदलला, सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कातून, नव्या रिंगा बसवल्या आणि पैसे रोख मोजून घेतले. तरीही गाडी दोन्ही सायलेन्सरमधून इतका पांढरा धूर सोडी की शेजारी खिडक्या लावून घेत. त्याबद्दल विचारले तर ‘टू-स्ट्रोक इंजिन आहे, पेट्रोलबरोबर ऑइल जळतं, धूर येणारच’ एवढेच उत्तर मिळाले, आणि वडिलांच्या गाडीचा मूळ कार्ब्युरेटर परत मागितला तर तो ‘कुठेतरी गेला असेल’. काढलेले नट-बोल्ट एका घमेल्यात भरून त्याने माझ्या पायाशी आदळले होते. तो आवाज माझ्या कानांतून अजून गेलेला नाही आणि त्याबद्दलचा रागही गेलेला नाही.

म्हणूनच त्या दुपारी, घरीच कसेबसे उतरवलेले इंजिन पोत्यात घालून रिक्षाने आपल्या दारात आलो, तेव्हा मी आणखी एक नकार ऐकायच्या तयारीने आलो होतो. आपण काहीच विचारले नाही. ज्या स्टुलावर आपण बसला होता त्यावर एक जुनी, धुऊन मऊ पडलेली सोलापुरी चादर घडी करून ठेवलेली होती. आपण उठलात, ती चादर झटकलीत, टेबलावर पसरून तिच्या चुण्या तळव्याने मोडल्यात आणि मग मला म्हणालात, ‘हं, आता ठेव सावकाश.’ पुढचे दोन तास आपण त्या उघड्या लोखंडी स्टुलावर बसून होता. काका, नंतर आपण जे केले ते कसबाचे काम होते आणि त्याची किंमत मी जाणतो. पण माझ्या वडिलांचे इंजिन कोणीतरी चादर अंथरून ठेवून घेतले, हे आठवले की आजही मला पुढे बोलता येत नाही.

मग आपण एकच प्रश्न विचारलात. ‘गिअर ऑइल भरलं किती आन् निघालं किती, ते सांग की आधी.’ भरलेल्यापैकी जवळजवळ निम्मेच निघाले होते, आणि गळतीचा थेंबही कुठे दिसलेला नव्हता. हे ऐकताच आपण क्लचच्या बाजूचे झाकण उघडले आणि क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, ऑइल सीलची (ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्याची) कड माझ्या बोटाला चाचपायला लावलीत. वर्षानुवर्षे एका जागी उभे राहून ते रबर वाळलेल्या चामड्यासारखे कडक झाले होते. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकच्या बंद पेटीत, ओढ तयार होते, त्या ओढीने गिअर ऑइल सीलच्या कडेने आत शिरते आणि पेट्रोलबरोबर जळते, हे आपण मला समजावलेत. पाच महिने आणि एवढा पैसा ज्या धुरावर गेला, तो एका सीलचा होता. डायनॅमोच्या बाजूचे सीलही आपण त्याच वेळी बदललेत. ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटची फट ०.४ मिलिमीटरवर आणताना फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, माझ्या हातात दिलेत आणि माझे तीनदा चुकूनही आवाज चढवला नाहीत.

मजुरी आपण रास्त घेतलीत, आणि निघताना कागदाची एक पुडी माझ्या खिशात घातलीत. घरी उघडली तर तीत जुनी दोन्ही सीले आणि झिजलेला एक वॉशर होता. टाकाऊ झालेली वस्तूसुद्धा ज्याची त्याला परत द्यायची, ही रीत ज्यांच्या अंगी आहे अशी माणसे आपल्या सोलापुरात अजून आहेत. मागावर तुटलेला धागा गाठ दिसणार नाही असा जोडणारे जॉबर मी लहानपणी पाहिले आहेत, त्यांच्याच पंगतीत मी आपल्याला बसवतो.

गाडी आता दुसऱ्या किकला सुरू होते. आई अजून मागे बसायला तयार नाही, पण गुरुवारी सकाळी तिने स्वतःहून टाकीला हळदकुंकू लावले.

आपल्या चादरीवर आमच्या इंजिनाचा मोठा काळा डाग पडला आहे, तो धुऊन निघायचा नाही. येत्या रविवारी सकाळी येझदीवरूनच येतो आणि नवी चादर घेऊन येतो. ती नको म्हणू नये, एवढी विनंती. शिवाय थंड इंजिनाला गाडीचे आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, थोडे चढते असे मला वाटते, ते एकदा आपल्या कानाने ऐकून सांगावे.

आपला कृतज्ञ,
येझदीवाला