मांजरं गोणीत भरून प्रश्न सुटत नाही

महोदय,

मासळी बाजारातल्या मांजरांच्या उपद्रवाबद्दल एका वाचकाचं पत्र नुकतंच आपल्या दैनिकात आलं होतं. उपद्रव खरा आहे. लिलाव चालू असताना टोपलीतलं पापलेट ओढून नेणारा बोका कोणाही मासळीवालीला गोड वाटणार नाही, आणि बोक्यांनी मुतून ठेवलेल्या ओट्यावर बसून सकाळभर धंदा करायचा म्हणजेही शिक्षाच. पण त्या पत्रात सुचवलेला उपाय, म्हणजे मांजरं गोणीत भरून खाडीपलीकडे सोडून यावीत, आमच्या बंदरावर वर्षानुवर्षं चालत आलेला आहे. त्याने काही साधलं असतं तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. माझं म्हणणं निर्बीजीकरणाचं आहे, म्हणजे ऑपरेशन करून पिल्लं होणंच थांबवायचं.

मांजरं येतात ती खाण्यासाठी. जेटीवर माशांची डोकी, आतडी, टोपल्यांतून सांडलेली बारीक मासळी आहे तोवर एका मांजराची जागा दुसरं घेणार. शिवाय खाडीपलीकडच्या लोकांकडेही गोण्या आहेतच. आणि उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर टाकून येणं हा प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार गुन्हा आहे, हेही त्या वाचकांना माहीत असलेलं बरं.

दुसरं एक मत नेहमी ऐकू येतं: ‘निसर्ग बघून घेतो.’ हो, बघतो. कसा, ते पाहावं. मोबाइलवर एक हिशेब फिरत असतो की एका जोडीपासून सात वर्षांत लाखो मांजरं होतात. तो सगळी पिल्लं जगतात असं धरून मांडलेला आहे. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनामधल्या मोकाट मांजरांवरचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर चार पिल्लांपैकी तीन सहा महिन्यांच्या आत मेली किंवा नाहीशी झाली. आपल्याकडे कोणी मोजदाद केली आहे की नाही, कल्पना नाही, पण जेटीच्या रस्त्यावर टेम्पोच्या चाकाखाली काय येतं ते रोज दिसतं. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, त्यामुळे बाकीची कुठे मेली ते दिसतही नाही. म्हणून निर्बीजीकरणाकडे मी ‘संख्या कमी करण्याची योजना’ म्हणून बघत नाही. जन्मून महिन्याभरात मरणारी पिल्लं जन्मालाच येऊ नयेत, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या भागातल्या काही जणांनी, त्यात दोन मासळीवाल्या बायकाही आहेत, हे काम वर्गणी काढून सुरू केलं आहे. त्यातून एक गोष्ट नीट कळली. इथलं एक, तिथलं एक असं मांजर धरून ऑपरेशन केलं तर फरक जाणवत नाही. एका जागेवरच्या सगळ्या, निदान बहुतेक सगळ्या भाट्यांची, म्हणजे माद्यांची, ऑपरेशनं एकाच हंगामात व्हायला हवीत. बोके नंतर केले तरी चालतात, कारण एक बोका सुटला तरी तो अख्ख्या जेटीला पुरतो. मांजरीची गाभण अवस्था नऊ आठवड्यांची, ती चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, आणि आधीची पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहते. बऱ्याच भाट्या राहून गेल्या तर थोड्याच काळात आपण होतो तिथेच.

आता हंगामाचं सांगतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. जेटी ओस पडते, मांजरं भुकेली होतात आणि एरवी पिंजऱ्याकडे ढुंकून न बघणारी बनेल भाटीसुद्धा सुक्या बोंबलाच्या वासावर आत शिरते. ऐन हंगामात ताजा बांगडा समोर पडलेला असताना तिला पिंजऱ्यातल्या तुकड्याचं काय कौतुक! म्हणजे धरायला पावसाळा उत्तम. पण ऑपरेशनच्या टाक्यांना तोच वाईट. भाटीचं गर्भाशय आणि अंडाशय काढतात, त्यामुळे तिला काही दिवस कोरड्या जागी ठेवावंच लागतं. बोका दुसऱ्या दिवशी सोडता येतो. आमची गाडी इथेच अडते. आज या मांजरी कुणाच्या पडवीत, कुणाच्या जाळी ठेवायच्या खोलीत राहतात, आणि घरातल्या माणसांचा संयम टाक्यांच्या आधी सुटतो.

ज्यांना हे काम करायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. मांजर हाताने धरू नका. चावलं तर रेबीजची लस घ्यावी लागते. मांजर अडकलं की पिंजऱ्यावर लगेच चादर टाका, अंधारात ते शांत होतं. आचळांभोवतीचे केस ओले किंवा झडलेले दिसले तर तिची पिल्लं कुठेतरी वाट बघत आहेत, तिला सोडा आणि पिल्लं खायला लागली की पुन्हा धरा. डॉक्टरांना छेद कुशीवर घ्यायला सांगा, म्हणजे जखम लांबूनही दिसते. भूल असतानाच डाव्या कानाचं टोक सरळ कापून घ्या आणि रेबीजची लसही टोचून घ्या. कापलेला कान बघून काही जण आमच्यावर ओरडले होते. पण ती खूण नसेल तर तीच भाटी पुन्हा पिंजऱ्यात येते, पुन्हा भूल, पुन्हा पोट उघडायची तयारी.

मुंबई-पुण्याच्या महापालिकांनी कुत्र्यांपाठोपाठ मांजरांचं निर्बीजीकरणही हाती घेतलं. तालुक्याच्या गावांपर्यंत ते पोचायला किती वर्षं लागतील, देव जाणे. कुत्र्यांसाठीचे नियम २००१ मध्ये आले, २०२३ मध्ये नव्याने आले, तरी आमच्याकडे कुत्र्यांचंच काम धड होत नाही. तेव्हा मोठ्या योजनेची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. मांजरांना रोज खायला घालणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे: तुमच्या हातून खाणारी मांजरी तुमच्याजवळ येते, आमच्याजवळ नाही. तिला पिंजऱ्यापर्यंत आणणं तुम्हालाच जमेल. ऑपरेशनच्या आदल्या रात्री तिला उपाशी ठेवायचं एवढं मात्र पाळा. पुष्कळदा माया तिथेच आडवी येते.

मागणी लहान आहे. पशुवैद्यकीय दवाखान्याने महिन्यातला एक ठरलेला दिवस मांजरांसाठी द्यावा. मासळी बाजाराच्या आवारातली, वापरात नसलेली एक कोरडी खोली नगरपरिषदेने जून-जुलैपुरती उघडून द्यावी. पिंजरे, औषधं, खाणं आणि खोलीची सफाई आम्ही वर्गणीतून बघू. हे मेच्या आत ठरलं तर येत्या बंदीच्या काळात जेटीवरच्या सगळ्या भाट्या होऊ शकतात.

– एक वाचक, कोकण किनारपट्टी