नकाशाशेजारी वक्फाचा (धर्मकार्याला लावून दिलेल्या मिळकतीचा) हिशेब ठेवायला सांगणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

बैबर्स अल-जाशनकीर या सरदारानं (पुढे सुलतान) कैरोत बांधलेल्या खानकाहवरचं, म्हणजे सूफींच्या मठावरचं, आमचं मराठी टिपण पूर्ण झालं. नकाशा तपासताना तुम्ही जे दाखवलंत, ते पुढच्या अभ्यासकांनाही मिळावं, म्हणून हे जाहीर आभार.

इजिप्तचा राज्यकर्ता सलाहुद्दीन (सॅलडिन) यानं ११७३ च्या सुमारास सुरू केलेली इजिप्तमधली पहिली खानकाह याच जमालिया रस्त्यावर, पण ती जुन्या वाड्यात थाटलेली. बैबर्सची खानकाह १३०६ ते १३१० या काळात मुद्दाम नव्यानं बांधली, त्यामुळे तिच्या मांडणीत हेतू वाचता येतो. दर्शनी भिंत रस्त्याला धरून आहे, आतला चौक मात्र किब्ल्याकडे (नमाजाच्या, म्हणजे मक्केच्या दिशेकडे) वळलेला. तुम्ही सांगितलंत: आधी या दोन दिशांच्या रेषा आखा, मग त्यांच्यातला कोन कुठे जिरवलाय ते शोधा. इथे तो प्रवेशाच्या वळणदार बोळात आणि भिंतींच्या कमीजास्त जाडीत जिरला आहे. दर्शनी भिंतीला काटकोन धरून मापं आत नेली, तर कागदावर चौक वाकडा येतो आणि दोष गवंड्याच्या माथी बसतो. गवंडी तर कमालीचा चोख होता! त्याच बोळामुळे रस्त्याचा गलकाही चौकात पोचत नाही.

घुमटाखालची कबर आत न ठेवता रस्त्यालगत का, याचं उत्तरही तुम्ही वक्फाकडे बोट दाखवून दिलंत. मोठ्या खिडकीशी कुराणपठण करणारे आळीपाळीनं रात्रंदिवस बसत, त्यांचा आवाज वाटसरूंच्या कानी पडे.

पण सगळ्यात मोलाचा ठरला तो स्वयंपाकघराचा हिशेब. पंधराव्या शतकातला इतिहासकार मकरीझी लिहितो की खानकाहत ४०० सूफी आणि शेजारच्या रिबातमध्ये (आश्रयगृहात) १०० सैनिक व सैनिकांची मुलं यांची सोय होती. प्रत्येकाला रोज मांस, शिजवलेलं अन्न आणि गव्हाच्या तीन रोट्या, शिवाय गोडधोड. नुसत्या नकाशात चौकाभोवतीच्या मजल्यांवर खोल्या दिसतात. त्या भरलेल्या ठेवायला किती धान्य लागे, ते हिशेबातच कळतं. वक्फाच्या जमिनी दमास्कस आणि हमापासून गिझा आणि वरच्या इजिप्तपर्यंत होत्या. इजिप्तमधल्या जमिनी नाईलच्या पुरावर अवलंबून. हिजरी ७७६ मध्ये (१३७४-७५) पाणी चढलं नाही, चूल बंद पडली. रोटी चालू राहिली, अन्नाऐवजी माणशी महिना ७ दिरहम, पुढे १०. हिजरी ७९६ मध्ये पूर पुन्हा कमी पडला, तेव्हा रोटीही थांबली आणि भटारखान्याला कुलूप लागलं. इमारत धडधाकट असताना खानकाह आतून कशी आटत जाते, हे याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

दर्शनी लेखपट्टीतली खोडलेली जागा तुम्ही दाखवली नसतीत, तर ती झीज वाटली असती. बैबर्स १३०९ मध्ये सुलतान झाला. वर्षभरात आधीचा सुलतान अन-नासिर मुहम्मद गादीवर परतला, त्यानं बैबर्सला ठार केलं, खानकाह बंद केली आणि नाव छिन्नीनं काढवलं. ती पुन्हा उघडली १३२५-२६ मध्ये.

खुलदाबादशी तुलना करा, असंही तुम्ही सुचवलंत. तिथले सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) यांच्या चिश्ती परंपरेत न मागता आलेल्या दानावर भर होता, बांधील उत्पन्नावर नाही. तिथल्या वास्तू वाचताना कैरोचा हिशेब जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तेच काम आम्ही आता हाती घेतोय, आणि त्याचाही पहिला नकाशा तुमच्याकडेच पाठवू.

मनःपूर्वक आभार.

आपले,
वास्तुइतिहासाचे अभ्यासक