लेखकाला आधी प्रॉम्प्टिंगला बसवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या लेखकांसाठी काढलेल्या पुरवणीत ‘कादंबरी हाती घेतलीत की बाकीचे उद्योग बंद करा’ असा सल्ला वाचला. ब्लॉग, पॉडकास्ट, कवितासंग्रह आणि भाषांतर एकाच वेळी रेटणाऱ्याला तो लागू पडतो. पण त्याच यादीत हौशी नाट्यसंस्थेतले कामही टाकले आहे, ते पटले नाही. तिथे कोणते काम घ्यायचे एवढे मात्र पाहावे लागते. बहुतेक लेखक स्वतःची एकांकिका काखोटीला मारून जातात. त्याऐवजी पहिले नाटक दुसऱ्याचे असावे आणि त्यात प्रॉम्प्टिंग, म्हणजे विंगेत संहिता घेऊन बसून नट अडला की वाक्य पुरवण्याचे काम, मागून घ्यावे. ते काम फारसे कुणाला नको असते, त्यामुळे लगेच मिळते.

शिकणे प्रॉम्प्टची प्रत तयार करण्यापासूनच सुरू होते. संहिता कागदाच्या एकाच बाजूला, ओळींमध्ये दीडपट अंतर ठेवून छापायची आणि भोके पाडून फाइलला लावायची. प्रत उघडली की उजवीकडे संवाद आणि डावीकडे कोरे पान येते. त्या कोऱ्या पानावर हालचाली आणि प्रकाश-ध्वनीचे क्यू, म्हणजे कधी काय करायचे त्याचे इशारे, लिहायचे, तेही पेन्सिलने, कारण सुरुवातीला बसवलेल्या हालचाली शेवटपर्यंत क्वचितच टिकतात. क्यूंना क्रमांक द्यायचे आणि प्रत्येक क्यूच्या अर्धे पान आधी ‘तयार’ अशी खूण करायची. दिग्दर्शकाने मुद्दाम पॉज ठेवला असेल तिथे दोन तिरप्या रेघा माराव्यात. ही खूण राहिली की नवा प्रॉम्प्टर हमखास नटाच्या सर्वांत चांगल्या शांततेत वाक्य पुरवतो. पुरवतानाही पहिल्या शब्दावर भागत नाही. ‘पण’, ‘अहो’, ‘म्हणजे’ यांनी सुरू होणारी वाक्ये संहितेत ढीगभर असतात. अर्थाचा पहिला शब्द गाठून दोन-तीन शब्द द्यावेत.

पाठांतर कच्चे म्हणून वाक्य जाते, हे पहिल्या काही दिवसांपुरते खरे. तिसऱ्या आठवड्यातही नट त्याच जागी अडखळत असेल, तर दोष बहुधा ओळीचा असतो. प्रॉम्प्टरने अशा प्रत्येक ओळीपुढे समासात टिंब द्यावे. दहा-बारा तालमींनंतर टिंबे मोजली की संहितेचे दुखणे कुठे आहे ते दिसते. कारणे थोडीच असतात. पुढचे वाक्य मागच्या वाक्यातून निघत नाही, लेखकाला माहिती सांगायची आहे म्हणून विषय बदललेला असतो. किंवा एका वाक्यात चार-पाच गोष्टींची यादी असते आणि तिचा क्रम कशालाच बांधलेला नसतो. सर्वांत घातक म्हणजे दोन प्रवेशांत एकच क्यू, इथे क्यू म्हणजे जे ऐकून नटाने आपले बोलणे सुरू करायचे ते समोरच्याचे वाक्य. पाचव्या पानावर ‘मग पुढे काय?’ आणि अकराव्या पानावरही ‘मग पुढे काय?’ असेल, तर प्रयोगात कधी ना कधी नट पाचवरून थेट अकरावर उडी मारतो. मधली सहा पाने आणि त्यांत विंगेतून येणारे पात्र, दोन्ही गळतात. शेक्सपिअरच्या काळात नटाला पूर्ण नाटक न देता फक्त त्याची वाक्ये आणि आधीच्या वाक्याचे शेवटचे काही शब्द लिहून देत. तसे कागद आपल्या एकांकिकेसाठी करून पाहावेत. सारखे क्यू लगेच उघडे पडतात.

मराठीत आणखी एक अडचण आहे. क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागे. ‘मी त्या दिवशी तुझ्याबद्दल त्यांच्याकडे एक शब्दही बोललो नाही’ या वाक्याचा सगळा जीव शेवटच्या ‘नाही’त आहे, आणि हौशी नटाचा आवाज नेमका वाक्याच्या शेवटी पडतो. मागच्या रांगेला उलटाच अर्थ कळतो. नट सुधारेपर्यंत थांबण्यापेक्षा ‘नाही बोललो मी. एक शब्दही नाही’ असे लिहिले की काम होते. तुटक वाक्यांचेही तसेच. ‘तू मला कधी...’ एवढेच लिहून पुढच्या पात्राने तोडायचे असेल, तर समोरचा अर्ध्या सेकंदाने जरी उशिरा आला तरी भोक पडते. त्यामुळे वाक्य पूर्ण लिहावे आणि दुसऱ्याने कुठून तोडायचे ते रंगसूचनेत द्यावे.

विंगेत बसल्यावर कळणारी दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. कागदावर साडी बदलायला चार वाक्ये पुरतात. त्या चार वाक्यांना वीसेक सेकंद लागतात आणि साडीला, मदतीला माणूस असूनही, दोन मिनिटे. ब्लॅकआउटचे गणित आणखी वाईट. आठ ब्लॅकआउट आणि प्रत्येकी वीस सेकंद धरले तरी अडीच मिनिटांहून जास्त काळोख होतो. नेपथ्य हलवणाऱ्यांना चमकती पट्टी चिकटवून दिली, तरी टेबल अंधारात सावकाशच सरकते. चाळीस मिनिटांच्या एकांकिकेत दोनपेक्षा जास्त ब्लॅकआउट लिहू नयेत, असे माझे मत. स्थळ बदलायला रंगमंचाच्या एका कोपऱ्यावरचा प्रकाश पुरतो. फोनची घंटा लिहायची असेल तर ती वाजली नाही तर काय, याचे वाक्यही लिहून ठेवावे.

लांबीचा अंदाज घ्यायचा तर घड्याळ लावून मोठ्याने वाचावे आणि जो वेळ येईल त्यात त्याचा पाचवा हिस्सा मिळवावा. हालचाली, पॉज आणि प्रेक्षकांचे हसणे तेवढी जागा खातात. पात्रे चार-पाच पुरे. तिसाव्या पानावर एकदाच येणारे पात्र लिहिले, की तो नट दुसऱ्या आठवड्यापासून तालमीला येत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकतही नाही.

आता बाकीच्या उद्योगांविषयी. सहा आठवडे, आठवड्याला चार संध्याकाळी, दोन-दोन तास तालीम धरली तर ४८ तास होतात, शेवटची तांत्रिक आणि रंगीत तालीम वेगळी. या काळात कादंबरी रेटू नये. सलग बैठक लागणारे लेखन तुकड्यांत केले की आधीचे पुन्हा वाचण्यातच संध्याकाळ जाते. मधेच सोडता येईल असे काही सोबत ठेवावे. एखाद्या पात्राने न पाठवलेले दोनशे शब्दांचे पत्र चालेल, किंवा प्रयोगाच्या परिचयपत्रिकेचा मजकूर. हा मजकूर शंभर-सव्वाशे शब्दांत बसवणे दिसते तितके सोपे नाही. नवखा लेखक त्यात कथानक सांगून टाकतो, शेवटासकट.

स्वतःची संहिता द्यायची वेळ येईल तेव्हा पहिल्या वाचनाआधी पानभर लेखी करार करावा. किती प्रयोग, संवाद बदलायचा अधिकार कुणाला आणि तालमीत नटाला सुचलेली वाक्ये छापील आवृत्तीत जाणार का, हे त्यात असावे. दुसऱ्याच्या कथेवरून लिहायचे असेल तर परवानगी आधी. ‘वरून सुचलेले’ असे छापल्याने ती मिळत नाही. आणि संहितेतले बदल तिसऱ्या आठवड्यानंतर बंद. नंतर बदललेले वाक्य तालमीत नवे येते, प्रयोगाच्या ताणात मात्र तोंडातून जुनेच निघते, आणि समोरच्याला क्यू मिळत नाही.

पुढच्या पुरवणीत एखाद्या एकांकिकेचे लेखकाने लिहिलेले पान आणि त्याच पानाची प्रयोगानंतरची प्रॉम्प्टची प्रत शेजारी शेजारी छापावी, पेन्सिलच्या खुणा आणि समासातल्या टिंबांसह, ही विनंती.

आपला,
एक जुना प्रॉम्प्टर