पाहुण्यांसाठी झालेले रस्ते रहिवाशांनाही पुरावेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाल्यापासून मला २००८ मधले पुणे वारंवार आठवते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीत उभारलेल्या संकुलात २००८ साली १२ ते १८ ऑक्टोबर या काळात युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. तेव्हा मी बाणेर रस्त्यालगत राहत होते आणि नोकरीसाठी रोज बसने शिवाजीनगरला जात होते.

स्पर्धांपूर्वी कित्येक महिने खोदाई चालू होती. वाळत घातलेले कपडे धुळीने पुन्हा धुवावे लागत. मग बघता बघता दुभाजकांत रोपे लागली, पांढरे पट्टे उमटले, स्पर्धेचे शुभंकर असलेल्या जिगर वाघाचे फलक झळकले. देशोदेशीचे खेळाडू जवळून पाहून आलेला माझा दहा वर्षांचा मुलगा महिनाभर दुसरे काही बोलत नव्हता. तो आनंद खरा होता आणि आजही मला त्याचे मोल वाटते.

मात्र आमच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या मावशींना दसऱ्याच्या तोंडावर तेथून उठवण्यात आले. दसऱ्याचा झेंडू ही त्यांची वर्षातली मोठी कमाई, ती बुडाली. पाहुणे गेल्यावर त्या टोपली घेऊन परत आल्या, तर त्यांची जागा रुंदावलेल्या रस्त्यात गेलेली होती. त्याच कोपऱ्यावरच्या नव्या पदपथाचे पेव्हर ब्लॉक पुढच्या पावसाळ्यात निखळले आणि पाय ठेवताच खालचा चिखल साडीवर उडू लागला. रस्ता रुंद झाल्याने वाहनांचा वेग वाढला, पण तो ओलांडणाऱ्या वृद्धांना मध्येच दुभाजकावर ताटकळावे लागे.

दिल्लीत २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या गाड्यांसाठी स्वतंत्र मार्गिका राखल्या गेल्या, शाळा बंद ठेवल्या गेल्या आणि झोपड्या नजरेस पडू नयेत म्हणून रस्त्याकडेला आडोसे उभारले गेले. ज्यांच्या शहरात पाहुणे येतात, त्यांचेच रोजचे जगणे झाकून ठेवावे, हे मला अतिशय क्लेशदायक वाटते.

पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये झाला. आमच्या मावशींच्या वेळी तो नव्हता. यापुढे कोणत्याही शहराने यजमानपद स्वीकारताना या कायद्यानुसार विक्रेत्यांची पर्यायी जागा आणि परतण्याची तारीख त्यांना लेखी द्यावी. रस्ते व पदपथांच्या कंत्राटात स्पर्धेनंतरच्या किमान पाच वर्षांच्या देखभालीची अट असावी आणि ते कंत्राट, जबाबदार अधिकाऱ्याच्या पदनामासह, काम सुरू होण्यापूर्वीच प्रभाग कार्यालयात नागरिकांना पाहता यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक, बाणेर, पुणे