जबाबदारीच्या रकान्यात माझं नाव लिहिणाऱ्या मॅडमना

मॅडम,

प्रमोशनचं पत्र हातात पडल्यावर आधी तुम्हालाच फोन करणार होते. पण धड बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. तेही मुद्दाम चारचौघांत.

आधीच्या साहेबांनी माझं कौतुक केलं नाही असं नाही. उलट तोंड भरून केलं. "काय काय सुचतं गं तुला!" टीम लीड नेमायची वेळ आली की मात्र "जरा स्थिर माणूस बघू." अप्रेझलमध्ये कल्पकता उत्तम, नेतृत्वाचं पुढच्या वर्षी पाहू. मला वाटायचं, आपल्यातच पाचपोच कमी असेल.

मग जेनिफर म्यूलर, जॅक गोंकालो आणि दिशान कामदार यांचा २०११ चा अभ्यास वाचनात आला. त्यातला एक भाग तर भारतातल्याच एका रिफायनरीतला. ज्याच्या कल्पना जास्त नव्या, त्याच्यात पुढे नेतृत्वाची कुवत आहे असं सहकाऱ्यांना कमी वाटत होतं. साहेब म्हणजे घडी बसवणारा अशी आपली समजूत, आणि नवी कल्पना बसलेली घडी विस्कटते. आदल्याच वर्षी आयबीएमने ६० देशांतल्या १,५०० हून अधिक सीईओंना विचारलं होतं, तेव्हा त्यांनी नेत्याचा सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणून कल्पकतेचं नाव घेतलं होतं. बोलायला काय जातं!

तुम्ही बोलला नाहीत. एका तक्रारीला शेवटपर्यंत एकच माणूस, ही माझी सूचना मीटिंगमध्ये मंजूर झाली. मिनिट्समध्ये 'सूचना' या रकान्यात माझं नाव होतं, 'जबाबदारी'च्या रकान्यात नेहमीप्रमाणे दुसऱ्याचं. तुम्ही पेन काढलंत, ते नाव खोडलंत, वर माझं लिहिलंत आणि मान वर न करता विचारलंत, "माणसं किती लागतील तुला?"

तोवर मला सगळे "अजून काही सुचतंय का?" एवढंच विचारत आले होते.

सुरुवातीला काम रखडलं, वरून विचारणा झाली, तरी तुम्ही ते नाव बदललं नाहीत. हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं, तुम्ही चकार शब्द काढला नव्हता. अशी सरळ माणसं बहुतेक ऑफिसांत एखाददुसरी असतातच. गाजावाजा करत नाहीत, म्हणून निरोप समारंभापर्यंत त्यांच्याबद्दल कोणी चांगलं बोलत नाही.

"एवढं काय त्यात," असं तुम्ही म्हणणार, हे मला ठाऊक आहे. म्हणा. आभार मात्र परत घेणार नाही.