रस्ता चालू झाला, आता बोगद्यातलं पाणी काढा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी लोहा तालुक्यातला शेतकरी आहे, आमचं गाव नांदेड-लातूर रोडला अगदी चिटकून, म्हणजे जो आता राष्ट्रीय महामार्ग ३६१ झालाय, तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड करत पुढं यवतमाळ, वर्धा आन नागपूरजवळच्या बुटीबोरीला जातो तो. हा रस्ता चौपदरी झाला त्याबद्दल आधी चांगलं लिहितो, कारण ते खरं आहे आन ते न लिहिता नुसती तक्रार केली तर माझ्याच मनाला पटणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात रात्री दोनच्या सुमाराला बापूंच्या छातीत दुखायला लागलं, अंगाला दरदरून घाम, बोलता येईना. शेजारच्यानं लगेच गाडी काढली आन पाऊण तासात आम्ही विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले वेळेत आणलं. आज बापू ओट्यावर बसून चहा पितात. ह्याच रस्त्यावर आठ-दहा वर्षांखाली माझ्या चुलत्याला जीपमध्ये घालून असंच रात्री निघालो होतो, तेव्हा एकेरी रस्ता, खड्ड्यात गाडी आदळली की चुलते कण्हायचे, समोरून ट्रक आला की साईडपट्टीला उतरून थांबायचं, दोन तास लागले आन चुलते सोनखेडच्या पुढं गाडीतच गेले. त्यामुळं रस्ता कशाला पाहिजे होता असं म्हणणाऱ्यातला मी नाही. आमची पण जमीन गेली, मोबदला मिळाला, त्यावर मला काही बोलायचं नाही. पोरगं लातूरला नीटच्या क्लासला आहे, शनिवारी रात्री घरी येतंय आन सोमवारी पहाटं परत जातंय, हे आधी होत नव्हतं. सोयाबीन लातूरला न्यायचं म्हणलं की मुक्काम ठरलेला असायचा, आता सकाळी निघालेला टेम्पो माप करून संध्याकाळी दारात उभा राहतो.

पण साहेब, हा रस्ता येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी खुला झाला, आमच्यासाठी अजून व्हायचाय. आमचं गाव रस्त्याच्या ह्या अंगाला आन निम्मं शिवार त्या अंगाला. पूर्वी बैलगाडी घेऊन सरळ ओलांडून जायचे. आता मधी दहा-बारा फुटाचा भराव, त्याच्यावर चार पदरी रस्ता, मधी डिव्हायडर, आन आम्हाला पलीकडं जायला एक बोगदा ठेवलाय. बोगदा ठेवला हे चांगलंच केलं. पण त्याची उंची बसावी म्हणून तळ जमिनीच्या खाली खोदून घेतलाय, दोन्ही अंगाला उतार, म्हणजे मधी वाटीसारखं झालंय. आमची काळी माती, पाणी लवकर पीत नाही, आन आधी जे पाणी सगळ्या रानातून पसरून ओढ्याला जायचं ते भरावाला अडून धरून बसतं आन शेवटी बोगद्यात येतं. त्याला बाहेर काढायला जी नाली करायची ती अर्धीच झाली, ओढ्याच्या अलीकडं साधारण दीडशे मीटरवर संपली. नालीच संपली तर पाणी जाणार कुठं?

एक मोठा पाऊस झाला की आठ-आठ दिवस गुडघ्याच्या वर पाणी राहतं, आन पाणी आटलं की खाली पोटरीभर गाळ. पोरांनी आतल्या भिंतीवर विटकरीच्या तुकड्यानं रेघा मारल्यात, कोणत्या पावसात पाणी कुठवर आलं त्याच्या. खालच्या रेघा पुसत चालल्यात पण सगळ्यात वरची रेघ माझ्या छातीला लागते, मी स्वतः उभा राहून बघितलंय. पलीकडच्या वस्तीवरच्या आठवी-नववीच्या पोरी सकाळी तिथं येतात, चपला दप्तरात घालतात, ड्रेस वर धरून भिंतीला हात लावत लावत येतात, सायकल आणायची तर मोठं माणूस बघावं लागतं. दोन पोरींनी पावसाळ्यात शाळेत यायचं बंदच केलतं, त्यांची आई म्हणली भाऊ पाण्यात काय हाय काय नाही दिसत नाही, साप आला तर कोणाला सांगू.

मग माणसं काय करतात, तर वरून जातात. हे मला सगळ्यात जास्त लिहायचंय.

सुगीच्या दिवसात सकाळी आठ-साडेआठला बायका सोयाबीन काढायला निघतात, हातात विळा, डोक्यावर पाण्याची घागर नाहीतर भाकरीचं गठुडं. भरावावर चढतात, लोखंडी पट्टीखालून वाकून निघतात, दोन पदर ओलांडून डिव्हायडरवर जाऊन थांबतात, तिथं कण्हेर लावलेली आहे, समोरच्या गाडीचे लाईट डोळ्यावर येऊ नयेत म्हणून, ती आता माणसाच्या उंचीची झालीय. त्यामुळं मधी उभी राहिलेली बाई गाडीवाल्याला दिसतच नाही, कण्हेरीतून एकदम बाहेर आली की दिसते. मी एक दिवस मुद्दाम थांबून मोबाईलवर वेळ मोजला. माझ्या चुलतीला, वय साठच्या पुढं, डोक्यावर गठुडं, एका बाजूचे दोन पदर आन कडंची पट्टी पार करायला ११ सेकंद लागले. चौपदरीवर कारला ताशी १०० ची परवानगी आहे, १०० नं येणारी गाडी ११ सेकंदात ३०० मीटर येते. म्हणजे चुलतीनं पाय टाकला तेव्हा जी गाडी पार त्या वळणावर टिकलीएवढी होती ती ही निघेपर्यंत अंगावर येणार. आन चुलतीला चष्मा लागलाय, तिला टिकली कशी दिसावी? त्या दिवशी एका कारवाल्यानं एवढा करकचून ब्रेक मारला की टायरचा वास आमच्यापर्यंत आला. तो पोरगा खाली उतरला, थरथरायला होता, म्हणला मावशी माझ्या पण घरी आई हाय हो. त्याची काय चूक? चुलतीची तरी काय चूक?

दुसरं दुखणं राँग साईडचं. गावातून नांदेडकडं जायचं तर आधी उलटं लातूरच्या दिशेनं जाऊन डिव्हायडरचा कट गाठायचा आन मग वळून यायचं, चार-साडेचार किलोमीटरचा फेरा पडतो. सर्व्हिस रोड पूर्ण असता तर कोणी राँग साईड आलं नसतं, पण तो फाट्यापासून अलीकडं चारशे मीटर झालाच नाही, तिथं नुसती गिट्टी पसरलेली. मग दूधवाले, मोटारसायकलवाले, सगळे कडंकडंनं उलटे येतात. दिवसा एकवेळ चालून जातं, रात्री समोरून येणाऱ्याला एकच लाईट दिसतो आन तो आपल्याच बाजूनं यायलाय हे कळेपर्यंत उशीर होतो. आमच्या गावातला एक तरुण पोरगा असाच गेला, दूध घालून घरी यायला होता, लग्नाला वर्ष पण झालं नव्हतं. त्याचं नाव इथं लिहीत नाही, घरच्यांना त्रास होईल.

काही जण म्हणतात समृद्धीवर कसं सगळं शिस्तीत आहे, तुम्हाला गावाकडच्या लोकांना रस्ता वापरायची अक्कल नाही. हे ऐकून फार वाईट वाटतं. समृद्धी मी बघितलाय, जालन्याहून शिर्डीला गेलतो आम्ही. तो ७०१ किलोमीटरचा रस्ता सगळा कुंपणातला, मोटारसायकल, रिक्षा, ट्रॅक्टर ह्यांना आत परवानगीच नाही, ठराविक ठिकाणीच चढायचं आन उतरायचं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला आन ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे शेवटचा तुकडा. तरी पण १ जुलै २०२३ ला बुलढाणा जिल्ह्यात बस पेटून २५ माणसं गेली आन त्याच वर्षी ऑक्टोबरात वैजापूरजवळ १२ गेली. म्हणजे कुंपण घातलेल्या रस्त्यावर सुद्धा एवढं होतं. आमच्या रस्त्यावर तर कारच्या शेजारून ट्रॅक्टर, ट्रॅक्टरच्या मागं बैलगाडी, उसाच्या दिवसात दोन-दोन ट्रॉल्या, कडंनं शेळ्या, सगळं एकत्र. अशा रस्त्याला सर्व्हिस रोड आन बोगदा म्हणजे नंतर सवडीनं करायचं काम नाही, गावासाठी तोच रस्ता आहे.

आमच्या लोकांचं पण चुकतं, ते पण लिहितो. जेवढा सर्व्हिस रोड झालाय त्याच्यावर सुगीत अर्ध्या भागात सोयाबीन वाळत घालतात, कडंनं दगडं ठेवतात आन सोयाबीन उचललं की दगडं तशीच. रात्री मोटारसायकल त्याच्यावर गेली की संपलं. ग्रामसभेत मी हे बोललो तर दोघं-तिघं रागावले, पण दगडं तेवढी उचलली. ट्रॉलीला मागून रेडियम लावायला पन्नास-शंभर रुपये लागतात, ते पण कित्येकानी लावलेलं नाही. कोणीतरी भरावावरची लोखंडी पट्टी वाकवून वाट केलीय, ती पण चूकच आहे, आज माणूस जातंय, उद्या त्याच वाटेनं म्हैस वर गेली तर काय होईल.

जाता जाता वाचकांना माहिती म्हणून, आमच्याकडं बऱ्याच जणांना माहीत नाही, राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली का अपघात झाला तर १०३३ ला फोन करायचा, आन १०८ तर आहेच. अपघातातल्या माणसाला दवाखान्यात नेलं म्हणून पोलीस आपल्याला अडकवत नाहीत, २०१९ ला कायद्यात तसं कलमच घातलंय, नाव सांगायची पण सक्ती नाही. त्या पोराच्या वेळेला चार माणसं भीतीनं नुसती बघत उभी होती म्हणून हे मुद्दाम लिहितो. टोलनाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या घरच्या गाडीला महिन्याचा स्वस्तातला पास मिळतो, आधार कार्ड आन गाडीची कागदं घेऊन नाक्यावर विचारायचं.

तुमच्या पेपरात सध्या नवीन रस्त्यांच्या बातम्या येतात, समृद्धीला जोडणारा जालना-नांदेड रस्ता साधारण १७९ किलोमीटरचा, आन तो शक्तीपीठ, त्याला तर किती गावांचा विरोध चाललाय. तो व्हावा का न व्हावा ह्यात मी पडत नाही, ज्याची जमीन जाते त्याला विचारा. पण जिथं जिथं रस्ता जाणार आहे तिथल्या लोकांना माझं सांगणं आहे, मोजणी चालू असतानाच बोगदा कुठं, त्याचा तळ किती खाली, पाणी कोणत्या ओढ्याला काढणार, सर्व्हिस रोड कुठून कुठवर, हे नकाशावर बोट ठेवून विचारून घ्या आन ग्रामसभेच्या ठरावात लिहा. आम्ही तेव्हा नुसतं मोबदल्याचं बघत बसलो. नाली कुठं संपते हे एकानं पण विचारलं नाही, मी पण नाही.

फाट्यावर पूर्वी लिंबाची तीन मोठी झाडं होती, त्यांच्या सावलीत एसटीची वाट बघायची, खाली चहाची टपरी. रुंदीकरणात झाडं गेली, टपरीवाला लोह्याला गेला, आता माणसं भर उन्हात गिट्टीवर उभी असतात आन रात्री उतरलं तर मिट्ट अंधार. बाहेरगावी शिकणाऱ्या पोरी रात्री आठला उतरणार असल्या की घरचं माणूस बॅटरी घेऊन अर्धा तास आधी जाऊन थांबतं.

आता मार्गशीर्षात माळेगावची यात्रा आली. खंडोबाला येणारी माणसं नांदेड, लातूर, परभणीच नाही तर कर्नाटक, तेलंगणातून येतात, घोडे, गाढवं, बैलं बाजाराला येतात, पायी दिंड्या ह्याच रस्त्यानं जातात. यात्रेच्या आत तीन कामं झाली तरी गावाचा जीव भांड्यात पडेल. नालीचे राहिलेले दीडशे मीटर ओढ्यापर्यंत न्यावेत. फाट्यावर आन बोगद्याच्या तोंडाला एक-एक दिवा लावावा. सर्व्हिस रोडच्या चारशे मीटरवर निदान मुरूम टाकून दाबून घ्यावा, डांबर मग उन्हाळ्यात करा.

आम्ही दोन वेळा अर्ज दिलेत, पोच आमच्याकडं आहे, एकदा माणूस येऊन फोटो काढून गेला. गावात बैठक झाली त्यात असं ठरलंय की मुरूम वाहायला सहा ट्रॅक्टर गाव देणार, डिझेल आमचं, नाली खोदायला माणसं पण आम्ही देतो. फक्त नालीचा उतार किती ठेवायचा ते आम्हाला कळत नाही, त्यासाठी लेव्हल घेणारा एक माणूस एक दिवस पाठवा. कोणत्याही दिवशी या, मी बोगद्यापाशी थांबतो.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. लोहा, जि. नांदेड