पाळण्यावरचा पोरगा पकडला म्हणजे तपास झाला का?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आता गावोगावच्या यात्रा सुरू होतील, पाळणेवाल्यांचे ट्रक रस्त्याला दिसायला लागतील, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय, नंतर लिहून उपयोग नसतो.

कुठं पाळणा तुटला की दुसऱ्या दिवशीची बातमी ठरलेली, ऑपरेटरवर गुन्हा, ऑपरेटर ताब्यात. आणि लोकांचं बोलणं पण ठरलेलं, पिऊन चालवत असणार, मोबाईलमध्ये बघत असणार, सोडू नका त्याला. लेकराचा जीव गेल्यावर माणूस असंच बोलणार, त्याबद्दल मी कुणाला नावं ठेवत नाही. चंदीगडला जून 2024 मध्ये एका मॉलमधल्या टॉय ट्रेनचा डबा उलटून 11 वर्षांचा मुलगा गेला, अहमदाबादला कांकरियाच्या पार्कात जुलै 2019 ला झुलता पाळणा तुटून दोघं गेली, तेव्हा माझ्या पण मनात आधी रागच आला. पण पुढं काय? नेमकं काय तुटलं, ते कुणी आणि कधी तपासलं होतं, हे तुमच्या-माझ्यापर्यंत कधी येतं का सांगा.

मी एसटीत कंडक्टर होतो, आता रिटायर आहे. त्यामुळं फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये झालेला एक अपघात डोक्यातून जात नाही. तिथं पार्कात लोकांची ने-आण करायला एकाच बीमवरून धावणारी मोनोरेल आहे, 1971 पासून चालू. 5 जुलै 2009 ला पहाटे दोनच्या सुमारास, सगळ्या आतषबाजीची गर्दी ओसरल्यावर, एक ट्रेन मागं घेऊन दुसऱ्या लाईनवर न्यायची होती. त्यासाठी बीमचा सांधा बदलावा लागतो. तो बदललाच नाही, आणि ट्रेनला मात्र मागं या म्हणून सांगितलं गेलं. ती उलटी आली ती थेट स्टेशनात उभ्या असलेल्या दुसऱ्या ट्रेनवर, आणि त्या ट्रेनचा ड्रायव्हर जागीच गेला. वय 21. त्याची काही चूक नव्हती. एवढ्या वर्षांत त्या मोनोरेलवर गेलेला हा पहिला जीव.

आपल्याकडं असतं तर सांध्यावरचा माणूस पकडला असता आणि फाईल बंद. तिथं देशाच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं तपास केला, खाजगी पार्कातली ट्रेन होती तरी केला, आणि 2011 ला रिपोर्ट सगळ्यांना वाचायला ठेवला. सांधा बदलला नाही ही त्या माणसाची चूक त्यांनी लिहिलीच, पण तिथं थांबले नाहीत. ट्रेन मागं घ्यायची नीट ठरलेली पद्धतच कंपनीकडं नव्हती, म्हणून धोक्याची सवय पडली होती, हे पण स्पष्ट लिहिलं. ट्रेन उलटी चालली होती आणि ती चालवणारा बसला होता दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये, म्हणजे ज्या बाजूला ट्रेन चालली ती बाजू त्याला दिसतच नव्हती! त्या रात्री कंट्रोलचा माणूस आजारी पडून घरी गेलेला, त्याच्या जागी काम बघणारा मॅनेजर पार्कच्या बाहेर हॉटेलात, तिथनं रेडिओवर सूचना देत होता. म्हणजे जो हुकूम देत होता त्याला पण काही दिसत नव्हतं.

साहेब, स्टँडवर गाडी मागं घ्यायची असली की कंडक्टरनं खाली उतरायचं, मागं उभं राहायचं, शिट्टी द्यायची. पाऊस असो, पॅसेंजर ओरडत असोत, उतरायचंच. ही गोष्ट साधी वाटते पण ज्यानं कुणी पहिल्यांदा नियम म्हणून घातली त्यानं किती जीव वाचवले असतील. एवढी मोठी कंपनी, एवढा पैसा, आणि मागं बघायला माणूस नाही, हे वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. नंतर त्यांनी पद्धत बदलली, पुढच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी पर्यटकांना बसू द्यायचे ते पण बंद केलं. पण ते व्हायला त्या पोराला जावं लागलं.

आता आपल्या यात्रेत बघा. आकाशपाळणा, ब्रेक डान्स, ड्रॅगन ट्रेन चालवणारी पोरं बघितलीत का कधी जवळून? बऱ्याचदा विशी पण ओलांडलेली नसतात. दिवसभर लोखंड जोडायचं, रात्री उशिरापर्यंत फेऱ्या मारायच्या, झोपायचं तिथंच ट्रकखाली, आणि यात्रा उठली की रातोरात सगळं उतरवून पुढच्या गावाला. पिन बसली का, नट आवळला का हे बघणारा तोच, तिकीट घेणारा तोच, आणि गर्दी वाढली की मालक म्हणतो चालू ठेव. त्याला बंद करायचा अधिकार आहे का? माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न हा आहे आणि तो कुणीच विचारत नाही. परवानगीचे कागद असतात, नाही असं नाही, पण ते फाईलीत असतात, पाळण्यात बसणाऱ्या बाईला ते दिसत नाहीत. पाळण्यापाशी मोठ्या अक्षरात बोर्ड लावा, कुणी तपासला, कोणत्या तारखेला, किती माणसं बसवायची, वारा-पाऊस आला तर बंद कोण करणार. त्याला खर्च तो किती येणार? आणि रात्री किती वाजता थांबायचं ते यात्रा कमिटीनं ठरवावं, पाळणेवाल्यानं नाही.

आपल्या सातारा जिल्ह्याला हे कुणी शिकवायची गरज नाही खरं तर. 25 जानेवारी 2005 ला मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत तीनशेच्या आसपास माणसं गेली. नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या, वाट अरुंद, त्यात दुकानांना आग लागली, सिलिंडर फुटले. तेव्हा पण लोक म्हणालेच, गर्दीच बेशिस्त. गर्दी बेशिस्त नव्हती हो, तिला जायला वाटच नव्हती. कोचर आयोग नेमला, चौकशी झाली, अहवाल आला. पण वाई, कोरेगाव, खटाव इथल्या किती माणसांनी त्यातलं एक पान तरी वाचलंय? मी दहा-बारा जणांना विचारलं, एकानंही नाही.

म्हणून एक विनंती आहे. आयोगानं मांढरदेवीसाठी काय काय सांगितलं होतं आणि त्यातलं आज गडावर काय झालंय, काय राहिलंय, हे तुमच्या पेपरनं सोप्या मराठीत छापावं, यात्रेच्या आधी. आणि पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत पाळणे लागले की तुमच्या वार्ताहरानं रथाच्या फोटोबरोबर पाळणेवाल्याला पण विचारून यावं, तपासणी कधी झाली, सही कुणाची आहे, आणि हा पोरगा काल रात्री किती तास झोपला.

आपला,
एक निवृत्त एसटी कंडक्टर
कोरेगाव, जि. सातारा